सावित्रीचा पूल आणि मैलकुली

पळस्पे फाटा आम्हां नवीन पनवेलकरांच्या रोजच्या पायाखालचा. मुंबई-गोवा रस्ता तेथून कोकणात उतरतो आणि महाडजवळ सावित्री ओलांडतो. त्या जागी इंग्रजी अमदानीत, 1928 साली, दगडी कमानींचा पूल बांधला गेला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, नदीला महापूर असता, तो कोसळला. जयगडहून मुंबईला व राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एस.टी. गाड्या आणि एक खाजगी मोटार पाण्यात गेली. सुमारे चाळीस माणसे बुडाली. त्यांत चार चालक-वाहक होते, कामावर असलेले. दोन्ही गाड्यांची वाट पनवेलवरूनच होती.

पुराने पूल नेला, असे म्हणून विषय मिटवता येतो. पण 2005 च्या जुलैमध्ये महाड बुडाले तेव्हाही हा पूल उभाच होता. 2016 च्या मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असे सरकारनेच सांगितले.

दगडी कमान दगडाने दगड दाबून उभी राहते. तिच्यात गंजायला लोखंड नसते. तिचे वैरी दोन, पाणी आणि मूळ. पाणी खांबाचा तळ खरवडते, सांध्यातला चुना धुऊन नेते. मोकळ्या सांध्यात पिंपळ रुजतो. रोप बोटभर आहे तोवर उपटावे, दर्जा भरून घ्याव्यात, एवढेच काम. हे काम मैलकुली करीत. 1967 च्या कालेलकर निवाड्याने बांधकाम खात्यातील पाच वर्षे सलग राबलेल्या रोजंदारी कामगारांना नियमित आस्थापनेवर घेतले. हा निवाडा आम्ही चळवळीतली माणसे वेतनाचा विजय म्हणून सांगतो. आमच्या मते तो पुलांचाही विजय होता. पुढे माणसे निवृत्त होत गेली, जागा रिकाम्या राहिल्या, काम ठेक्यावर गेले. खड्ड्याचा ठेका निघतो. पिंपळाचे रोप उपटण्याचा ठेका निघालेला आम्ही पाहिला नाही!

नव्या पुलाला मात्र पैसा कमी पडला नाही. सुमारे पस्तीस कोटी रुपये खर्चून 165 दिवसांत तो उभा राहिला, जून 1917 नव्हे, जून 2017 मध्ये वाहतुकीस खुला झाला. बांधणाऱ्या कामगारांना आमचा मुजरा. पण तिजोरीत पैसा होता, हेही त्यातून सिद्ध झाले.

आता आपल्या दाराशी येऊ. पनवेलची नगरपालिका 1852 ची. महानगरपालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 रोजी, सावित्रीचा पूल पडल्यानंतर दोनच महिन्यांनी. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेले नवीन पनवेल तिच्या हद्दीत आले. येथले बांधकाम सिमेंट-लोखंडाचे. खाडीच्या दमट हवेत लोखंड गंजते, फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. म्हणजे याला दगडाहून अधिक राखण लागते. मालमत्ता कराची थकबाकी 2016 पासून का द्यावी, यावर घरोघर वाद झाला. वाद रास्तच आहे. परंतु त्या करातून गटारे, पूल, जलवाहिन्या यांच्या राखणीला किती कायम माणसे नेमली, हा प्रश्न त्या वादात आमच्या कानी फारसा आला नाही.