सपाट छप्पर आणि आचऱ्याचा मुलगा

आजच्या भागाची सुरुवात मालवण तालुक्यातल्या आचऱ्यातून.

आचरा म्हटलं की रामेश्वराचं देऊळ आठवतं आणि त्यापाठोपाठ गावपळण. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. तिथे झापांच्या राहुट्या उभ्या राहतात. घर म्हणजे कमीत कमी किती, हे या गावाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. सावली, वारा, चूल आणि पाठ टेकायला जागा.

याच आचऱ्यात १९१६ साली अच्युत कानविंदे जन्मले. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. मुंबईच्या जे. जे.मध्ये ते वास्तुकला शिकले, मग सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेत, म्हणजे सीएसआयआरमध्ये, नोकरीला लागले. देश स्वतंत्र होण्याच्या बेतात होता, प्रयोगशाळा उभारायच्या होत्या. सरकारने या तरुणाला अमेरिकेला हार्वर्डला पाठवलं. तिथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस.

आज मला या गुरूंच्या राहत्या घराबद्दल बोलायचंय. कारण त्या घराकडे नीट पाहिलं, तर आपल्या मालवणी घरांचं आज काय चाललंय तेही कळतं.

ग्रोपियस मूळचे जर्मन. १९१९ मध्ये त्यांनी बाउहाउस ही कलाशाळा काढली. नक्षीकाम, खोटे खांब, बडेजाव सगळं बाजूला ठेवायचं. वस्तू कशासाठी आहे ते बघायचं, कारखान्यात बनलेलं साहित्य बिनधास्त वापरायचं. नाझी सत्तेवर आले आणि १९३३ मध्ये ही शाळा बंद पडली. ग्रोपियस आधी इंग्लंडला गेले, मग १९३७ मध्ये अमेरिकेला.

तिथे बॉस्टनजवळच्या लिंकन गावात त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं. ते १९३८ मध्ये पूर्ण झालं. जमीन आणि बांधकामाचा पैसा हेलन स्टोरो नावाच्या एका श्रीमंत बाईंनी दिला. घर केवढं? साधारण २,३०० चौरस फूट. म्हणजे राजवाडा नाहीच.

लांबून बघाल तर पांढरा डबा. सपाट छप्पर, आडव्या लांब खिडक्या, काचेच्या विटा. तुम्ही म्हणाल, हे जर्मनीतून उचलून आणलेलं दिसतंय. पण थांबा, जवळ जाऊ या.

भिंती लाकडी फळ्यांच्या आहेत. तिथल्या शेतकऱ्यांची जुनी घरंही लाकडी फळ्यांचीच, फक्त त्यांच्या फळ्या आडव्या असतात. यांनी त्या उभ्या लावल्या. पाया तिथल्याच रानातल्या दगडांचा. मधोमध दिवाणखान्याला जोडणारा हॉल, तोही जुन्या घरांमधला. जिन्याचा चकचकीत कठडा, स्टीलच्या खिडक्या, काचेच्या विटा हे सगळं मात्र कारखान्यातलं.

दक्षिणेच्या मोठ्या काचेवर बेताचं छज्जं आहे. उन्हाळ्यात सूर्य वर असतो, तेव्हा ऊन अडतं. हिवाळ्यात सूर्य खाली येतो, तेव्हा तेच ऊन खोलीत शिरतं. मागच्या बाजूला जाळी लावलेली पडवी आहे. आपली पडवी घराला चिकटून लांब धावते, त्यामुळे माजघरात अंधार राहतो. ग्रोपियस यांनी ती घरापासून काटकोनात बाहेर काढली. वारा दोन्ही बाजूंनी मिळतो आणि आतल्या खोल्यांचा उजेडही जात नाही.

आणि ते सपाट छप्पर? त्याला आतल्या बाजूला उतार आहे. पाणी मध्ये जमतं आणि घराच्या आतून जाणाऱ्या नळाने खाली उतरतं. नळ घराच्या उबेत असतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही.

एक गोड गोष्ट राहिलीच. त्यांची मुलगी आती तेव्हा बारा वर्षांची. तिला काचेचं छप्पर हवं होतं, झोपल्या झोपल्या तारे बघायला. ते काही जमलं नाही. पण तिच्या खोलीला स्वतःची गच्ची मिळाली आणि बाहेरून थेट वर जाणारा गोल लोखंडी जिनासुद्धा.

ग्रोपियस यांचं म्हणणं असायचं की मला तयार शैली शिकवायची नाही, विचार करायची पद्धत शिकवायची आहे. त्यांचं घर म्हणजे या म्हणण्याचा पुरावा.

आता परत कानविंदेंकडे. १९४७ च्या सुमारास ते परतले. पन्नाशीच्या सुरुवातीला अहमदाबादेत त्यांनी ‘अटिरा’ ही कापड संशोधन संस्थेची इमारत केली. पांढरी, सरळ रेषांची, गुरूंची आठवण करून देणारी. पण पुढे त्यांचं काम बदलत गेलं. आयआयटी कानपूर बघा. उघडं काँक्रीट, विटा आणि इमारतींना जोडणाऱ्या झाकलेल्या वाटा, म्हणजे उन्हापावसात मुलं सावलीतून जावीत. मेहसाण्याची दूधसागर डेअरी बघा. गरम हवा बाहेर टाकायला उंच धुराड्यांसारखे झरोके उभे केले आणि तेच त्या इमारतीचं रूप झालं. वरळीचं नेहरू सायन्स सेंटर तर तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. तेही त्यांचंच. माझ्या मते खरा शिष्य तो हाच. त्याने गुरूंचा डबा सोडला आणि प्रश्न ठेवला: इथे ऊन कसं आहे, वारा कुठून येतो, हाताशी काय आहे?

आता हाच प्रश्न आपल्या किनाऱ्याला विचारू या. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुनी घरं चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. वर उतरतं कौलारू छप्पर. आणि गंमत ऐका, ज्या मंगलोरी कौलाला आपण परंपरा म्हणतो, ते १८६५ च्या सुमारास मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्यात बनायला लागलं. सुरुवात करणारा जर्मन माणूस. त्याआधी आपल्याकडे नळे होते, गवताची शाकारणी होती. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनीही यंत्रावरची वस्तू घेतलीच. पण ती आपल्या पावसाला चालते का, हे बघून घेतली.

आज आपण सपाट स्लॅब घेतला. चार-पाच पावसाळ्यांत तो गळायला लागतो, मग त्याच्यावर लोखंडी सांगाडा आणि पत्रा. मालवण ते देवगड गाडीने जा आणि मोजा, किती स्लॅबांवर पत्रा आहे! एका घराला दोन छपरं, दोन्हींचा खर्च आणि मे महिन्यात आत भट्टी. ग्रोपियसने सपाट छप्पर विचार करून घेतलं. आपण ते फोटो बघून घेतलं.

मी जुनी घरं जशीच्या तशी ठेवा म्हणत नाही. बाळंतिणीची अंधारी खोली, धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर, घरापासून लांबचा संडास, याचे हाल बायकांनी काढलेत. ते बदलायलाच हवं. पण पाडण्याआधी निदान समजून तरी घ्या.

ग्रोपियस गेल्यावर त्यांच्या पत्नी इझे यांनी ते घर वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलं. २००० साली ते अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक झालं, तेव्हा घराचं वय बासष्ट वर्षं. आपल्याकडे दिल्लीतलं राज रेवल यांचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये एका रात्रीत पाडलं, पंचेचाळिसाव्या वर्षी. मोठ्या इमारतींची ही गत, तर आपल्या वाडीतल्या घराची नोंद कोण ठेवणार?

तुम्हीच. मोबाइल तर हातात आहे. गावचं घर पाडायचं ठरलं असेल तर त्याआधी एक दिवस द्या. टेप घेऊन खोल्या मोजा, कागदावर नकाशा काढा. वाशाचे, खिडकीचे, देवळीचे फोटो घ्या. दुपारी कुठे गार वाटतं, पावसात पाणी कुठून शिरतं, हे आजीला विचारा आणि रेकॉर्ड करा. मग ते सगळं नवीन घर बांधणाऱ्या इंजिनिअरसमोर ठेवा आणि विचारा, यातलं काय घेऊ या?

बस, आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.