गादी बसवण्याचा दावा

‘डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण मालिशवाल्याने चार दिवसांत गादी जागेवर बसवली.’ लग्नघरी, एसटी स्टँडवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यामागचा पूर्वपक्ष असा : वर्षानुवर्षे कंबर दुखते ती मणक्यातली गादी सरकल्यामुळे, तिच्यावर उपाय दोनच, सुरी किंवा तेल, तेलाने भागत असेल तर सुरी कशाला? या पक्षाला अनुभवाचा आधार आहे. मालिशने बरे वाटलेली माणसे खोटे बोलत नाहीत. माझा आक्षेप आहे तो त्या बरे वाटण्याला चिकटवलेल्या कारणावर.

गादी मुळात सरकतच नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जखडलेली असते. तिचे बाहेरचे कडे सैल पडून फुगते, किंवा फाटते आणि आतला मऊ गर मागे, मज्जातंतूंच्या पोकळीकडे डोकावतो. मालिश करणाऱ्याचा अंगठा आणि तो गर यांच्यामध्ये कातडी, चरबी, स्नायूंचे जाड थर आणि मणक्याची हाडाची कमान असते. अंगठा तिथवर पोहोचणार कसा? बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच शोषून घेते, पण त्याला आठवडे, महिने लागतात.

बरे, फुगलेली गादी दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले, असेही नाही. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ५२ टक्क्यांची एक तरी गादी फुगलेली होती! रिपोर्टावरचे ‘एल फोर - एल फाइव्ह, डिस्क बल्ज’ वाचून ज्यांची झोप उडते, त्यांना हा आकडा कुणीतरी आवर्जून सांगायला हवा.

गादी ‘बसवण्या’च्या दाव्याला सर्वांत मोठा धक्का दिला तो सिॲटलमधल्या एका अभ्यासाने. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला दुखऱ्या जागा हुडकून, नेमके स्नायू हेरून केलेली मालिश. दुसऱ्याला नुसते अंग सैल करणारी. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी मालिशचे दोन्ही गट तिसऱ्याच्या पुढे होते. मात्र त्या दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. नेमकी जागा धरून काही ‘बसवण्या’ने गुण येत असता, तर पहिला गट उघड पुढे गेला असता. वर्ष उलटेपर्यंत हा फायदाही बराच ओसरला.

‘ऑपरेशन टळले’ हा दावाही तपासून पाहावा. जुनाट कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण ऑपरेशनचे नसतातच. ज्यांना त्याची खरी गरज असते त्यांची लक्षणे निराळी : लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडत जाणे. अशा वेळी तेलाची वाटी घेऊन बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कर्करोगाचा इतिहास, ठिसूळ हाडे असतील, तर तपासणीआधी पाठ कुणाला दाबूही देऊ नये.

मग मालिशचे काय उरते? पुष्कळ उरते. आवळून बसलेले स्नायू सैलावतात, झोप लागते, मुख्य म्हणजे हालचालीची धास्ती कमी होते. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुरावा कच्चा असल्याचे मान्य करूनही तिने व्यायामासोबत मालिशला जागा दिली. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट देऊ नयेत, असे त्याच सूचना सांगतात.

पण आपल्याकडे मालिश संपताना बजावले जाते, ‘गादी बसवली आहे, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.’ माणूस ते वर्षानुवर्षे पाळतो, पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखणे परत येते. कंबर सैल झाली, की त्याच दिवशी चालायला बाहेर पडावे. आठवडाभरात हळूहळू वाकण्या-उचलण्याचा सरावही सुरू करावा. मालिशने मिळवून दिलेली ती उसंत याच कामासाठी असते.