वास्तूंची अवरक्त कृष्णधवल छायाचित्रे : संपादन व छटासंस्कार

मानवी डोळ्यांना न दिसणाऱ्या, साधारणतः ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन ती करड्या छटांत सादर करणे, यास अवरक्त कृष्णधवल छायाचित्रण म्हणतात. कॅमेऱ्यातून मिळणारे मूळ चित्र बहुधा लालसर, फिकट व सपाट असते. त्याला अंतिम रूप संपादनातून आणि छटासंस्कारातून, म्हणजेच टोनिंगमधून मिळते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कातळात कोरलेली लेणी, दगडी मंदिरे, शिवनेरी किल्ला, दाट झाडी आणि धरणांचे जलाशय जवळजवळ असल्याने या तंत्राचे गुणदोष समजून घेण्यास तेथील वास्तू सोयीच्या आहेत.

अवरक्त प्रकाशातील दृश्य

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रथम प्रसिद्ध केली. हिरवी पाने अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, म्हणून चित्रात ती बर्फासारखी पांढरी दिसतात. यास वुड यांच्या नावावरून ‘वुड परिणाम’ म्हणतात. लाकडाशी त्याचा संबंध नाही. उष्णतेचाही येथे संबंध नसतो. हे परावर्तित सूर्यप्रकाशाचेच चित्र असते.

निरभ्र आकाश व खोल पाणी काळे येते. घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय अशा चित्रात काळ्या पाटीसारखा दिसतो. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, येथेही गडदच राहतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कुकडेश्वर मंदिर किंवा खिरेश्वरचे नागेश्वर मंदिर पांढऱ्या हिरवळीवर ठळक उठून दिसते. शिवनेरीवरील मशिदीची दोन मिनारांना जोडणारी कमान गडद आकाशावर विशेष स्पष्ट उमटते.

अवरक्त प्रकाश धुक्यातून आरपार जातो, असा एक समज आहे. हवेतील बारीक धुरकटपणा तो पुष्कळ अंशी भेदतो आणि दूरच्या डोंगररांगा स्पष्ट दिसतात. धुके व ढग यांतील जलबिंदू मात्र आकाराने मोठे असतात, त्यांच्यापुढे त्याची मात्रा चालत नाही. भीमाशंकरच्या पावसाळी धुक्यात साध्या कॅमेऱ्याला जे दिसत नाही, ते याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

उपकरणे

पूर्वी यासाठी खास फिल्म वापरीत. कोडॅकच्या अवरक्त फिल्मचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. तिच्यात प्रकाशाचे उलट परावर्तन रोखणारा थर नसल्याने उजळ भागांभोवती तेजोवलय येई. आज हेच वलय संगणकावर कृत्रिमरीत्या आणले जाते, आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे अवरक्तरोधक काच असते. ती काढून घेतात, अथवा भिंगावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून त्रिपादाच्या साहाय्याने दीर्घ उद्भासन देतात.

संपादन

चित्र रॉ स्वरूपात टिपणे आवश्यक असते. हिरवळीवर श्वेतसंतुलन साधल्यास लाल झाक कमी होते. काही संगणकप्रणालींचे तापमान-नियंत्रण २००० केल्विनखाली उतरत नाही. तेथे कॅमेऱ्याची स्वतंत्र वर्ण-रूपरेषा तयार करावी लागते. हिस्टोग्राम पाहताना लाल वाहिनी वेगळी तपासणे इष्ट, कारण एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही तिच्यातील उजळ तपशील नष्ट झालेला असू शकतो. ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरने घेतलेल्या चित्रात लाल वाहिनीत प्रकाश सर्वाधिक व कणदारपणा कमी असतो, म्हणून कृष्णधवल रूपांतरात तिला प्राधान्य देतात.

लेण्यांच्या चित्रांत खरी अडचण सावल्यांची असते. दृश्य प्रकाशात सावलीच्या भागाला निळ्या आकाशाचा उजेड मिळतो. अवरक्तात आकाशच काळे असल्याने तो उजेड मिळत नाही आणि लेण्यांचे दरवाजे निव्वळ काळे चौकोन होतात. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना ऊन ओसरीच्या खांबांमागे पोहोचते, तेव्हा ही अडचण कमी होते. अन्यथा वेगवेगळ्या उद्भासनांची चित्रे जोडावी लागतात. संपादनात सावल्या एका मर्यादेपलीकडे उचलल्यास कातळ करडा व चिखलासारखा दिसू लागतो. आतील भाग एलईडी दिव्यांनी उजळलेला असला तरी उपयोग होत नाही, कारण त्या प्रकाशात अवरक्त अंश जवळजवळ नसतो.

भिंगामुळे चित्राच्या मध्यभागी पडणारा उजळ डाग, तिरके झालेले उभे खांब आणि कणदारपणा या दोषांची दुरुस्ती छटाभेद वाढवण्याआधी करतात. नंतर केल्यास डाग अधिक ठळक होतो.

छटासंस्कार

रासायनिक पद्धतीत चित्रातील चांदीचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर करून रंग आणीत. सेपिया संस्कारात सिल्व्हर सल्फाइड बनून तपकिरी छटा येते, लोहसंस्काराने निळी, तर सेलेनियमने गडद भागांना किंचित जांभळट तपकिरी झाक येऊन चित्राचा टिकाऊपणाही वाढतो. संगणकावर उजळ व गडद भागांना स्वतंत्र छटा देता येतात.

अवरक्त चित्रात येथे काळजी घ्यावी लागते. उजळ भाग सेपिया केले की पांढरी झालेली ओली हिरवळ वाळलेल्या गवतासारखी भासते आणि ऑक्टोबरचे चित्र एप्रिलचे वाटू लागते. शिवाय लेणे आणि तपकिरी छटा एकत्र आल्यावर आजचे चित्र एकोणिसाव्या शतकातील वाटण्याचा धोका असतो. म्हणून उजळ भाग तटस्थ ठेवून केवळ गडद भागांना सेलेनियमसारखी हलकी उबदार छटा देणे कातळाला अधिक न्याय देणारे ठरते. निळ्या छटेने झाडी हिमाच्छादित वाटते, जी सह्याद्रीत विसंगत दिसते.

नोंद म्हणून उपयोग

अवरक्त चित्रातील करडेपणा वास्तूच्या दृश्य रंगाशी जुळत नाही. दगडावरील हिरवे शेवाळ फिकट डागांच्या रूपात उमटते आणि चुन्याचा लेप किंवा अलीकडची डागडुजी समजले जाऊ शकते. शेंदूर अवरक्त प्रकाश चांगला परावर्तित करतो, त्यामुळे शेंदूरचर्चित मूर्ती जवळजवळ पांढरी दिसते. तैलरंगाने रंगवलेल्या शिखरांवरील अनेक रंग एकसारखे फिकट होऊन त्यांतील भेद नाहीसा होतो. अभ्यासासाठी वापरायच्या चित्रासोबत त्याच ठिकाणाहून, त्याच वेळी घेतलेले साधे रंगीत चित्र ठेवणे त्यामुळे गरजेचे असते. चित्रओळीत महिना, वेळ, फिल्टरची तरंगलांबी व दिलेली छटा यांचा उल्लेख करतात, आणि मूळ रॉ फाइल संपादित प्रतीपासून वेगळी जपतात. संरक्षित स्मारकांत त्रिपाद वापरायचा असल्यास संबंधित पुरातत्त्व कार्यालयाकडे नियमांची आधी चौकशी करावी लागते. दीर्घ उद्भासनाची पद्धत तेथे त्रिपादाअभावी अडते. संवेदकापुढील काच काढलेल्या कॅमेऱ्याने मात्र उन्हात हातात धरूनही चित्र घेता येते.