रिकार्डो, रानडे आणि प्रवरेचे पाणी

अर्थशास्त्र हे विलायती ग्रंथांतच नांदणारे शास्त्र, अशी सुशिक्षितांची समजूत असते. अकोले तालुका पाहिल्यावर आम्हांस ती टिकविता येत नाही. हेलिबरीस माल्थसच्या हाताखाली शिकलेल्या प्रिंगलसाहेबाने रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त दख्खनच्या जमिनीस लावला. लागवडीचा खर्च वजा जाता उरेल त्यातील शेकडा ५५ सरकारचे! कागदावर हिशेब चोख. पण प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न मोजणार कोण? १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी ती मोजणीच टाकून दिली. रोख सारा मात्र राहिला, आणि त्यामागोमाग सावकारही. याच तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे सावकारांवर उठले व १८४८ साली ठाण्यास फासावर गेले.

१८९२ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी, लिस्ट या जर्मन पंडिताचा आधार घेऊन, या शास्त्राचे नियम देशकालपरत्वे बदलतात व उद्योगांस सरकारचे साह्य हवे, असे प्रतिपादिले. आम्ही याच पक्षाचे. तथापि भंडारदऱ्यास गेलो की आमचीही अडचण होते. १९२६ साली पुरे झालेले ते धरण सरकारी पैशाचे. धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाने १९५० साली लोणीस उभा राहिलेला साखर कारखाना सहकाराचा. धरण अकोल्याच्या डोंगरात, ऊस मात्र खालच्या तालुक्यांत!

२०२० चे शेतीकायदे पुढील वर्षी मागे घेतले गेले, तेव्हा बाजारवादी व सरकारवादी हिरिरीने भांडले. धरणाकाठच्या आदिवासी वाड्यांच्या पाण्याचा उल्लेख त्या वादात आमच्या कानी आला नाही.