रेव्हरंड टिळक : एका पाळकाची आठवण



रेव्हरंड नारायण वामन टिळक हें नांव उच्चारलें कीं बहुतेक घरांत प्रथम शाळेंतील क्रमिक पुस्तक आठवतें. फुलामुलांचे कवि ही त्यांची पदवी इतकी रूढ झाली आहे कीं तिच्याआड त्यांच्या आयुष्याचें मुख्य काम जवळजवळ झांकून गेलें आहे. तें काम पाळकाचें होतें. मराठी प्रॉटेस्टंट मंडळींत धर्मोपदेशकाला पाळक म्हणतात. मेंढरांमागें उन्हातान्हांत हिंडणारा धनगर या शब्दामागें उभा आहे. आयुष्याचीं शेवटचीं चोवीस वर्षें टिळक याच अर्थानें जगले, आणि त्या टिळकांविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

त्यांचा जन्म दापोली तालुक्यांतील करजगांवचा. आईचा लोभ फार, वडिलांचा धाक त्याहून फार. आई लवकर गेली आणि मुलानें घर सोडलें. नाशिकास संस्कृताचें अध्ययन झालें. १८८० सालीं मनकर्णिका गोखले या मुलीशीं लग्न झालें. याच पुढें लक्ष्मीबाई. त्यानंतरचीं वर्षें भटकंतीचीं आहेत. एक गांव, एक नोकरी, एक मासिक धरावें आणि सोडावें, असें चाललें होतें. देशाचा उद्धार कशानें होईल हा एकच प्रश्न मनांत होता, आणि जातिभेद ठेवून तो होणार नाहीं असें उत्तर हळूहळू तयार होत होतें. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशाशीं बोलणें झालें. त्यानें नव्या कराराची एक प्रत हातांत ठेविली. डोंगरावरील प्रवचनापर्यंत वाचून झालें, आणि मग तें पुस्तक खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें टिळकांचे चरित्रकार पुष्कळदां घाई करतात. आपण करूं नये. हा निर्णय टिळकांनीं एकट्यानें घेतला, आणि त्याची किंमत प्रथम लक्ष्मीबाईंनीं मोजली. पदरीं लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, समाजांत वैधव्याहून चमत्कारिक स्थिति. सुमारें पांच वर्षें हा वियोग चालला. त्यांतील कांहीं काळ त्यांनीं पंढरपुरास काढला. हा सारा वृत्तांत त्यांनीं 'स्मृतिचित्रें'त लिहून ठेविला आहे, आणि विशेष हें कीं त्यांत आक्रोश कमी व हंसूं अधिक आहे. पुढें त्या नगरास पतीजवळ आल्या तरी सोंवळें, स्वयंपाक, पाणी सारें निराळें ठेवून राहिल्या. टिळकांनींही सक्ति केली नाहीं. जातीची गांठ त्यांच्या मनांत त्यांच्याच विचारानें सुटली, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. मला वाटतें, दुसऱ्याच्या मनाची वाट पाहण्याचा पाळकाचा गुण टिळक प्रथम आपल्या घरींच शिकले. मात्र तो धडा त्यांना फुकट मिळाला, आणि फी दुसऱ्या कोणीं भरली, हेंही म्हटलें पाहिजे.

नगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमि. अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें तेथें १८३१ पासून होतें. नगरापासून जामखेड, परांडा, भूमपर्यंत पूर्वेस पसरलेला हा मुलूख कोरडा. पावसानें डोळे वटारले कीं खेडींच्या खेडीं उठावीं असा. १८९९-१९०० च्या दुष्काळानें तर मिशनच्या दारांत अनाथ मुलांची रीघ लागली. खेड्यांतील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. गांवकुसाबाहेरच्या या लोकांत एक चित्पावन शास्त्री येऊन बसतो, त्यांच्या भाकरींतला तुकडा मोडून खातो, हें दृश्य त्या काळीं किती जणांना रुचलें असेल याची कल्पना करावी. सनातन्यांना तें रुचलें नाहीं हें उघडच आहे. टिळक नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवीत, कीर्तनें करीत. १९०४ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि राहुरीसही त्यांचा संसार कांहीं वर्षें होता. संसार म्हणजे काय, तर हातीं आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकत नसे आणि परक्यांचीं मुलें घरांत वाढत असत. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवि, हेही त्याच छपराखालीं राहून गेले. १९०७ च्या जळगांवच्या कविसंमेलनांत उजेडांत आलेल्या त्या लाजऱ्या पोराला टिळकांनीं आणि लक्ष्मीबाईंनीं पोटच्या मुलासारखें वागविलें. त्याच्या धर्माची चौकशी त्या घरांत झाली नाहीं.

पण टिळकांचा खरा प्रभाव पडला तो गाण्यांतून. त्यांच्या पूर्वी मराठी मंडळ्यांत जीं गीतें गात त्यांतील पुष्कळशीं इंग्रजी गीतांचीं भाषांतरें असत, आणि चालीही तिकडच्याच. ज्या बाईनें जात्यावर ओवी गाइली, ज्या म्हाताऱ्यानें जन्मभर टाळ कुटला, तिनें व त्यानें रविवारीं परक्या सुरांत, परक्या अन्वयांत देवाशीं बोलावें अशी ती योजना होती. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगरास टिळकांच्या आधींच कृष्णराव सांगळे यांनीं घातली होती. परंतु उपासनेचें सारें अंग मराठी करण्याचें श्रेय टिळकांकडेच जातें. अभंग, ओवी, पद, आरती या सर्वांना त्यांनीं ख्रिस्ताच्या दारीं आणलें. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों, असें ते मोकळेपणीं सांगत, आणि ज्या पुलावरून आपण आलों तो मोडून टाकण्याची त्यांना घाई नव्हती. त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत गेलीं. अक्षरशत्रु माणसालाही तीं दोन बैठकींत पाठ होत. नुसता उपदेश ऐकून घरीं गेलेला माणूस उपदेश विसरतो. गाणें त्याच्या तोंडून शेतावर, पाणवठ्यावर, आजाऱ्याच्या उशाशीं पुन्हा पुन्हा निघतें. आजही कोंकणापासून मराठवाड्यापर्यंत मराठी उपासनेंत तीं गाइलीं जातात, आणि गाणारांपैकीं पुष्कळांना कर्त्याचें नांव ठाऊक नसतें. कवीला याहून मोठी दाद कोणती, हें मला सांगतां यावयाचें नाहीं.

१९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. त्यांत त्यांचा दुसरा झगडा दिसतो, आणि तो स्वकीय मिशनऱ्यांशीं होता. डॉ. ह्यूम यांच्यासारख्या सहृदय माणसांविषयीं त्यांना प्रेम होतें; पण परदेशी पैशावर आणि परदेशी हुकुमतीखालीं चालणारी मंडळी या भूमींत मूळ धरणार नाहीं, असें त्यांचें ठाम मत होतें. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाहीं, हें ते एका बाजूस हिंदु बांधवांना सांगत व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती बांधवांना. दोहोंकडून ऐकून घ्यावें लागे. अखेर १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केलें आणि 'देवाचा दरबार' उघडला. ख्रिस्ताचे शिष्य म्हणवून घेणाऱ्या सर्वांना, मग त्यांनीं बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारांत जागा होती. पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या माणसानें मंडळीचा उंबरठाच असा पुसावा हें अनेकांना धाडसाचें वाटलें, आणि तें होतेंही. बाप्तिस्म्यावांचून शिष्यत्व कसलें, हा आक्षेप पोकळ नव्हता. पण ज्यानें पांच वर्षें स्वतःच्या पत्नीला उंबरठ्याबाहेर उभी असलेली पाहिली, त्याला उंबरठ्याविषयीं निराळें वाटल्यास नवल नाहीं.

दरबार वाढावयास वेळ मिळाला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचा अंत झाला. आपल्या देहाचें दफन न करतां दहन करावें अशी त्यांची इच्छा होती, ती पाळण्यांत आली, आणि रक्षा नगरास नेण्यांत आली. त्यांच्या विचाराचा धागा पुढें जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यानें उचलला. त्यानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला आणि पुढल्याच वर्षीं टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें.

एक काम मात्र अर्धें राहिलें होतें. येशूचें चरित्र रामायणाच्या धर्तीवर ओवीबद्ध करावें म्हणून टिळकांनीं 'ख्रिस्तायन' आरंभिलें होतें. सुमारें ११ अध्याय होऊन तें थांबलें. लक्ष्मीबाईंचें शालेय शिक्षण असें कांहींच झालें नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांनीं लेखणी हातीं घेतली आणि पुढले ६४ अध्याय लिहिले. १९३६ सालीं त्या गेल्या, आणि दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, 'ख्रिस्तायन' छापून बाहेर आलें.