हरवलेलं सर्व्हलेट

गेल्या शनिवारी एक सर्व्हलेट शोधत बसलो होतो. बंडल 'अ‍ॅक्टिव्ह', लॉग स्वच्छ, एक्सेप्शन औषधालाही नाही. ब्राउझरमध्ये मात्र ४०४. टीममधल्या नव्या मुलीने ते लिहिलेलं, म्हणून "तुझंच काहीतरी चुकलंय" असं मी तिला शुक्रवारी सगळ्यांदेखत सुनावून मोकळा झालो होतो.

हा घोळ समजायला थोडा इतिहास लागतो.

१९९९ साली सर्व्हलेट २.२ बरोबर वेब.एक्सएमएल आलं. अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनचं एकच हजेरीपुस्तक. लिहायला कंटाळवाणं, पण ४०४ आला की कुठे बघायचं ते ठाऊक असायचं.

त्याच वर्षी मार्चमध्ये ओएसजीआयची मंडळी एकत्र आली. त्यांच्या डोळ्यांसमोर वेबसाइट नव्हत्याच, घरातली उपकरणं जोडणारे छोटे गेटवे होते. यंत्र बंद न करता एक मॉड्यूल काढायचं, दुसरं घालायचं. मग एकच हजेरीपुस्तक कसं पुरणार? म्हणून त्यांनी एचटीटीपी सर्व्हिस काढली: प्रत्येक बंडलने स्वतः जाऊन आपलं सर्व्हलेट नोंदवायचं. पण बंडल आधी उठलं आणि सर्व्हिस नंतर, तर नोंदवणार कोणाकडे? मग वाट बघायला ट्रॅकर लिहा, जाताना नाव खोडा... मी असला कोड भरपूर लिहिलाय, पुन्हा लिहायची हौस नाही.

पीटर क्रीन्स आणि बी. जे. हारग्रेव्ह यांनी यावर सुचवलेला उपाय म्हणजे व्हाइटबोर्ड. कोणाच्या दारात जायचं नाही. सर्व्हलेट आणि त्याचा पत्ता सर्व्हिस रजिस्ट्रीच्या फळ्यावर टाकायचा, कंटेनर आपणहून उचलतो. सर्व्हलेटसाठी हे २०१५ मध्ये ओएसजीआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये आलं. (मधल्या काळात, डिसेंबर २००९ ला, सर्व्हलेट ३.० ने अ‍ॅनोटेशन्स आणली, पण तो संसार वेगळा.)

व्हाइटबोर्डची गोम अशी की फळा वाचणाऱ्याने तुमच्याकडे पाहिलंच नाही, तर कोणीही ओरडत नाही. पत्ता चुकला तर रनटाइमच्या नापासांच्या यादीत कारणासकट नाव सापडतं. आमचं त्या यादीतही नव्हतं!

कारण डिसेंबर २०२० मधलं. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण 'जावाएक्स' हे नाव पुढे वापरण्यावर एकमत झालं नाही. म्हणून जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेजेस 'जकार्ता' झाली. तोच कोड, आडनाव वेगळं. आमचा नवा कंटेनर जकार्ता-सर्व्हलेट शोधत होता, आणि फळ्यावर होतं जावाएक्स-सर्व्हलेट. त्याच्या लेखी ते सर्व्हलेटच नव्हतं. त्यात जुनी एपीआय जार काढायची राहिलेली, त्यामुळे बंडलही सुखाने रिझॉल्व्ह झालं. ती जार नसती तर पहिल्याच मिनिटाला बोंब झाली असती.

आणि कंटेनर अपग्रेड कोणी केला होता? मी. गुरुवारी.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखतच सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे. मग ती जार मी काढू की तू काढतोस?"