दोन दिवसांत रचलेला विनोद

जामसांवली, सौसर, पांढुर्णा या पट्ट्यातील मराठी माणसाला नागपूरचा बडग्या समजावून सांगावा लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर वेगळे झाले. सणवार मात्र वेगळे झाले नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींबरोबर बडग्यांची मिरवणूक निघते. त्या वर्षी लोकांना जाचलेली महागाई किंवा लाचखोरी पुतळ्याच्या रूपाने अवतरते, गर्दीला हसविते आणि अखेर अग्नीच्या स्वाधीन होते. बडग्या टिकण्यासाठी केलेलाच नसतो; म्हणूनच तो निर्भीड असतो.

हीच वृत्ती अलीकडे संगणकावरील खेळांत दिसू लागली आहे. त्या उपक्रमास ‘गेम जॅम’ म्हणतात. जामसांवलीच्या नावातील जाम निराळा. वादक पूर्वतयारीवाचून एकत्र जमून वाजवितात, त्या बैठकीस इंग्रजीत जॅम म्हणतात. तोच शब्द येथे आला. विषय ऐन वेळी जाहीर व्हावा आणि ठरलेल्या मुदतीत खेळ तयार करावा, असा हा प्रकार आपल्या समस्यापूर्तीच्या जवळचा आहे. २००२ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे क्रिस हेकर व शॉन बॅरेट यांच्या पुढाकाराने असा मेळावा भरला. त्याच वर्षी ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा निघाली. २००९ साली ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला, तेव्हा २३ देशांतील ५३ ठिकाणी लोक एकाच वेळी खेळ रचावयास बसले.

थोड्या वेळात विनोदच का साधतो, याचे उत्तर २०१३ च्या जानेवारीतील एका खेळात मिळते. त्या वर्षी विषय म्हणून शब्द न देता हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकविण्यात आला. लंडनच्या बोसा स्टुडिओतील काही जणांनी त्यावरून ४८ तासांत ‘सर्जन सिम्युलेटर’ रचला. खेळणाऱ्याने हृदयाची शस्त्रक्रिया करावयाची. पण शल्यवैद्याच्या बोटांना निरनिराळ्या कळा नेमलेल्या. हत्यार उचलू जावे, तो ते रोग्याच्या छातीतच पडावे! येथे हसविणारे संवाद नाहीत. गंभीर काम आणि बेताल हात यांची गाठ घालणारा एक नियम तेवढा आहे. लांब कथानकाला वा रेखीव चित्रांना दोन दिवसांत अवसर नसतो. एक नियम मात्र पुरा होऊ शकतो. त्यात हा खेळ ब्राउझरमध्येच उघडत असे. विनोद ऐकण्यापूर्वी कोणी ताटकळत नाही. येथेही ताटकळावे लागत नसे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची विस्तारित आवृत्ती विक्रीस आली.

सर्वांचे भाग्य असे नव्हते. ब्राउझरमधील असंख्य छोटे खेळ ‘फ्लॅश’ या तंत्रावर उभे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्मात्या कंपनीने त्याचा पाठिंबा थांबविला आणि ते खेळ नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. ‘फ्लॅशपॉइंट’च्या स्वयंसेवकांनी व ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने त्यांपैकी पुष्कळ जतन केले, सारेच हाती लागले असतील असे नाही.

बडग्या जाळणारे हात तो घडविणाऱ्या गावाचेच असतात, आणि पुढल्या पोळ्याला तेच हात नवा घडवितात. हे खेळ मात्र रचणाऱ्यांना न विचारता विझले. क्षणापुरते रचलेले क्षणात जावे यात दुःख नाही. पण ते केव्हा जावे हे रचणाऱ्याच्या हाती असावे, एवढे तरी मागणे गैर नव्हे.